पत्र्याचं जहाज

धाराशिवहून सास्तूरला निघालेल्या एसटीत दीपमालानं शिवराजला पुन्हा फोन लावला आणि त्यानं तो पुन्हा उचलला नाही. मागाहून मेसेज तेवढा आला, 'ताई, सगळं तयार आहे, तू फक्त ये.' सगळं तयार आहे, याचीच तर तिला धास्ती होती. आज दुपारी तिच्या वडलांचं पितळ चारचौघांत उघडं पडणार होतं. आणि ते पाडणार होता त्यांच्यावर जीव टाकणारा शिवराज. आता याला कुणी काय करावं?

गोष्ट जुनी. भूकंपानंतर गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं तेव्हाची. मदतीला आलेलं एक बिलायती पथक जाताना टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी मागं ठेवून गेलं. कॅसेटींवर त्यांच्याकडची एक जुनी मालिका होती, अंतराळात फिरणाऱ्या जहाजाची. जहाजाच्या भिंती उघड उघड पत्र्याच्या, कुणी टेकलं की हलायच्या. शेडमधल्या पोरांना ते जहाज लगेच आपलं वाटलं. मालिकेचं इंग्रजी नाव काही जिभेवर बसेना, म्हणून पोरांनीच तिचं बारसं केलं, पत्र्याचं जहाज.

बोलणं मात्र सगळं इंग्रजीत. तेव्हा लोकांनी बिभीषणअण्णांकडं, म्हणजे दीपमालाच्या वडलांकडं, बोट दाखवलं. अण्णा पथकाची जीप चालवायचे, साहेबांशी येस-ओके बोलायचे. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसलाच प्रकार. चारचौघांत 'मला येत नाही' म्हणायची लाज वाटली आणि अण्णांनी टीव्हीशेजारी उभं राहून पहिला भाग समजावून सांगितला. एकदा सांगितल्यावर मग सुटका कुठली! कप्तानाचं नाव त्यांनी मल्लिनाथ ठेवलं. पाना घेऊन हिंडणाऱ्या, केस कापलेल्या मेकॅनिक बाईचं नाव म्हाळसा. रोज संध्याकाळी पोरं ताटं घेऊन टीव्हीपुढं बसायची आणि अण्णा सांगायचे.

शिवराज सगळ्यांत पुढं बसायचा. त्याची आई भूकंपात गेली होती आणि त्यानं जेवण टाकलं होतं. आजी ताट घेऊन त्याच्या मागं मागं फिरायची. जहाज सुरू झालं, अण्णा बोलायला लागले, की मात्र त्याच्या तोंडात घास जायचा.

दुसऱ्या कॅसेटीच्या शेवटी ते जहाज आपल्या वस्तीवर परत येतं, तर वस्ती डोंगराखाली गाडली गेलेली. कप्तान वायरलेसवर हाका मारतो. खालून उत्तर येत नाही. शेवटी तो सोबत्यांकडं वळून काहीतरी बोलतो. त्या संध्याकाळी पोरांचे हात ताटातच थांबले. अण्णा म्हणाले, "मल्लिनाथ म्हनतोय, हाका मारत ऱ्हावा. आवाज खाली पोचायला येळ लागतो."

तीच पोरं आता चाळिशीला आली. त्यांचा फोनवर ग्रुप आहे, आणि दर सप्टेंबरात, भूकंपाच्या दिवशी, तिथं शिवराज सगळ्यांच्या आधी हेच वाक्य टाकतो. स्वतःच्या लग्नातसुद्धा माइक हातात घेऊन त्यानं हेच सांगितलं होतं, की मी या वाक्यावर जगलो. अण्णांना गाव आजही जहाजवाले अण्णा म्हणतं. दुसरी कुठली मिरवायची गोष्ट त्यांच्याजवळ नाही.

आणि आता ती मालिका धुऊनपुसून नेटवर आली होती. शिवराज पुण्यात परदेशी मालिकांच्या तळाशी मराठी ओळी लिहायचंच काम करतो. त्यानं ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की ओळी मी घालतो, सगळ्यांनी अण्णांच्या घरी जमून बघू, तोवर कुणी बघायची नाही. सगळ्यांनी शपथ घेतली. दीपमालाला धीर निघाला नाही. ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला, इंग्रजी वाचता येतं. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून तिनं फोनवर बघितली आणि डबा तसाच राहिला.

तो कप्तान वळून म्हणत होता, "बंद करा. खाली कुणी नाही."

एवढंच नाही. तिसरी कॅसेट म्हणजे पुढचा भाग नव्हताच. म्हाळसा लोकांना आवडली म्हणून तिच्यावर काढलेली ती वेगळीच मालिका. ती जहाज सोडून पृथ्वीवर येते, गावोगाव हिंडते. कप्तानाचा तिथं पत्ताच नाही. अण्णांना ते काय कळणार? त्यांनी ठोकून दिलं होतं, मल्लिनाथ डोंगराखाली उतरून माणसं काढतोय, म्हाळसा वर त्याची वाट बघत हिंडतीय. पोरांनी मान डोलवली होती. दीपमालासुद्धा त्यांतलीच एक होती.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. वडलांची फजिती होईल ती होईल, पण खाली कुणी नाही हे शिवराजला कळून चुकलं होतं, भाषांतर त्यानंच तर केलं होतं. मग तो असा हसत का बोलावत होता? माणूस रागावला की कधी कधी असंच करतो.

घरी पोचली तर अण्णांनी धुवट सदरा घातला होता आणि दाढी करताना हनुवटीवर कापून घेतलं होतं. आई, धुरपदाबाई, चुलीपुढं भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला परतत होती. पाहुण्यांना चुरमुरे पुरतील का, एवढीच तिची काळजी. शेडमधलीच मैत्रीण दैवशाला तामलवाडीहून सगळ्यांत आधी आली होती आणि खिडकीवर घोंगडं बांधत होती.

अण्णांनी दीपमालाला मोरीजवळ बाजूला घेतलं. इकडं तिकडं बघितलं.

"दीपे, खाली मराठीत येनार म्हनं?"

"व्हय."

"समदं?"

अण्णांनी हनुवटीवरचं रक्त बोटानं पुसलं आणि बोटाकडं बघत राहिले. त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं मनात धरून होते ते. तिला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. डोकं दुखतंय म्हणून आत पडा, असं तिनं सुचवलं. त्यांनी नुसती मान हलवली. पोरं लांबून येणार होती.

एकेक करून बाकीची पोरं जमली. शिवराज आला, वाकून अण्णांच्या पाया पडला, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि तेव्हासारखाच सगळ्यांत पुढं मांडी घालून बसला. सुशीलेचं ताट त्यानं मांडीवर ठेवलं, पण हात लावला नाही. दीपमाला मागं, भिंतीला टेकून, विजेच्या बोर्डाखाली बसली. मेन स्विच हाताच्या अंतरावर होता. तिनं ठरवूनच ती जागा धरली होती. वेळ आली की खटका पाडायचा. लाइट जाण्याचं सास्तूरला कुणाला नवल आहे?

पडद्यावर जहाज आलं. पत्रा हलला, कुणीतरी हसलं. कप्तान पहिलं वाक्य बोलला आणि तळाशी मराठी अक्षरं उमटली, 'म्हाळसाबाई, पाना कुठं ठिवला?'

खटक्याकडं निघालेला दीपमालाचा हात तिथंच थांबला. कप्तानानं पान्याबिन्याचं नाव काढलं नव्हतं, तो कसल्याशा आदेशाबद्दल बोलला होता. पुढचीही ओळ अण्णांचीच, आणि त्याच्या पुढचीही. जीपवाल्या माणसानं पत्र्याखाली उभं राहून जे जे रचलं होतं, ते शिवराजनं आठवून आठवून, जसंच्या तसं, बोलीसकट लिहून काढलं होतं. दैवशाला पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. डोंगराखालची वस्ती आली, कप्तान वळला. इंग्रजीत तो खाली कुणी नाही म्हणाला आणि मराठीत म्हणाला, 'हाका मारत ऱ्हावा. आवाज खाली पोचायला येळ लागतो.'

अण्णा खाली मान घालून बसले होते. शिवराजनं मागं वळून बघितलं नाही.

तिसरी सुरू झाली. म्हाळसाच्या गावोगावच्या फेऱ्या, अण्णांच्याच ओळी. दीपमालाला आता कुठं हायसं वाटायला लागलं होतं, तोच शेवटच्या भागात ओळी थांबल्या. पडद्यावर संध्याकाळची गल्ली. म्हाळसा एका घरापुढं उभी, दार वाजवायला हात उचललेला. खिडकीतून दिसतंय, आत एक कुटुंब टेबलाभोवती जेवतंय. तळाला अक्षर नाही. शिवराजनं चित्र थांबवलं आणि आता मागं वळला.

"अण्णा, इथून पुढं मला ठाऊक न्हाय. मामा मला पुण्याला घेऊन गेले. माज्या मागं तुमी काय सांगितलं?"

दैवशालानं दीपमालाकडं बघितलं, दीपमालानं दैवशालाकडं. दोघींना आठवलं, शिवराज गेला त्या दिवशी अण्णांनी मशीन बिघडली म्हणून सांगितलं होतं. शेवटचा भाग कुणीच बघितला नव्हता.

"काय न्हाय सांगितलं," अण्णा म्हणाले. "तू गेलास. मंग लावलंच न्हाय."

"मंग आता सांगा."

तिला ते दृश्य माहीत होतं, तिथं कुणीच काही बोलत नाही. अण्णांना टेकायला तेवढं इंग्रजीसुद्धा नव्हतं. म्हातारा माणूस, सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडं. तिचा हात पुन्हा खटक्याकडं गेला.

अण्णा भिंतीला धरून उठले आणि टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले, पूर्वी राहायचे तसेच. शिवराजनं चित्र सोडलं. म्हाळसानं उचललेला हात खाली घेतला आणि ती खिडकीतून बघत राहिली.

"ती दार वाजवीत न्हाय," ते म्हणाले. "आत समदे जेवाया बसल्यात. ती फकस्त बघाया आलीय, पोरगं नीट जेवतंय का."

म्हाळसा वळली. गल्लीतून चालू लागली.

"जेवतंय," अण्णा म्हणाले. "मंग ती जाती."

पडद्यावर इंग्रजी नावं सरकायला लागली. मग शिवराजनं मांडीवरचं ताट जवळ ओढलं आणि एक घास घेतला. धुरपदाबाई म्हणाली, गार झालंय रे, दे, गरम करून आणते. त्यानं ताट सोडलं नाही. खाली मान घालून तो खात राहिला, आणि त्याचं ताट रिकामं होईपर्यंत अण्णा टीव्हीशेजारी उभेच राहिले.