कापलेले चार सेकंद

हनुमानने चहाचा ग्लास गाड्याच्या पत्र्यावर ठेवला, मिशी पुसली आणि सत्यमच्या मोबाइलकडे बघून म्हणाला,

"बंडल."

थिएटरसमोर उभी असलेली पंधरा-वीस माणसं हसली. हा शब्द ऐकायलाच ती उन्हात थांबली होती.

हनुमान वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होता. वय चव्वेचाळीस, बजाजनगरात दोन खोल्या, घरी बायको सुलेखा आणि बारावीतली मुलगी अक्षदा. दर रविवारी दुपारचा खेळ बघायचा आणि बाहेर आल्यावर चहा पिता पिता मनात येईल ते बोलायचं, एवढाच त्याचा शौक. शेजारच्या मशीनवरच्या सत्यमने वर्षभरापूर्वी ते बोलणं मोबाइलवर घेऊन टाकलं. आता हजारो लोक शुक्रवारपासूनच विचारायला लागायचे, हनुमानभाऊ काय म्हणतेत?

"बत्तीस माणसं मारतो हिरो. मी मोजली," हनुमान सांगत होता. "कोयत्यानं. आन् शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. अरे, रक्त लागलं की मूठ घसरती. मी ल्हान असताना आमच्या मेंढरांत लांडगा शिरला व्हता. माझ्या बापानं कुऱ्हाडीनं मारला त्याला. दुसऱ्या घावाला कुऱ्हाड हातातनं निसटली. दोन दिवस बाप जेवला नाय. आन् हा बत्तीस मारून बिर्याणी खायलाय!"

"मग चांगला कोणता, भाऊ?" सत्यमने विचारलं.

"मागल्या वर्षी एक आलता. तीन दिवसांत उतरला. त्यात एकच थप्पड व्हती. बाप पोराला मारतो, आन् मग तो हात कुठं ठेवावा हेच त्याला समजत नाय. कधी खिशात घालतो, कधी पाठीमागं धरतो. ती थप्पड मला अजून लागायलीय."

गर्दीतून तीन पोरं पुढे आली. तिघांच्या पिवळ्या टी-शर्टवर हिरोचा चेहरा छापलेला होता. सकाळी याच पोरांनी पोस्टरला हार घालून फटाके वाजवले होते. पुढचा एकवीस-बावीस वर्षांचा, उंच, गोरा. हिमांशू त्याचं नाव, हे हनुमानला नंतर पोलिसांकडून कळलं.

"काका, ते डिलीट करा," हिमांशू म्हणाला. "आणि परत बोला. मला पिक्चरमधलं काही कळत नाही, माफ करा, असं."

"कळत नाय म्हणूनच तर तिकीट काढून बघतो. कळलं असतं तर आज घरी झोपलो असतो की."

लोक पुन्हा हसले. या वेळी ते हिमांशूच्या तोंडाकडे बघून हसले आणि तेच त्याला लागलं. त्याने सगळा हात फिरवून हनुमानच्या कानशिलात मारली.

चष्मा उडाला. हनुमान तोल सावरतो तोच दुसऱ्याने पाठीत लाथ घातली. तो गुडघ्यांवर आला. कुणाचा तरी बूट चष्म्यावर पडल्याचा आवाज त्याने ऐकला. कमरेत, बरगडीत, मानेवर मार बसत होता. चहावाल्याने घाईघाईने स्टोव्ह बंद केला. बाकी कुणी हललं नाही. सगळ्यांचे मोबाइल वर झाले होते. हिमांशूने त्याची कॉलर धरून तोंड सत्यमच्या मोबाइलकडे वळवलं.

"बोल! बोल आता, माफी माग!"

हनुमानच्या तोंडात रक्ताची चव आली. डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं. उठताना आधारासाठी त्याने शेजारच्या स्कूटरचा आरसा धरला, आणि आरशाला अडकवलेलं हेल्मेट त्याच्या हातात आलं.

पहिला फटका हिमांशूच्या कानावर बसला. दुसरा जबड्यावर. पोरगं मागे कोसळलं आणि त्याचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. त्याचे दोघे मित्र मागे सरकले, मग वळून पळाले.

भांडण तिथेच संपलं होतं. हिमांशू उताणा पडला होता. त्याने एक हात वर केला. मूठ नव्हती ती, उघडा तळवा होता. हनुमान त्याच्यावर ओणवा होऊन धापा टाकत होता. तेवढ्यात मागे गर्दीतून कुणीतरी लांबलचक शिट्टी मारली.

हनुमानने दोन्ही हातांनी हेल्मेट वर उचललं आणि त्या चेहऱ्यावर हाणलं.

सुकी फांदी पायाखाली यावी तसा आवाज झाला. त्याची मूठ घसरली नव्हती. हात थरथरतही नव्हते. उलट छाती कशी हलकी, मोकळी झाल्यासारखी वाटली. किती दिवसांनी असं वाटतंय, असंही त्याच्या मनात आलं. मग त्याला खालचा डोळा दिसला, आणि हेल्मेट त्याने हळूच, एखादी काचेची वस्तू ठेवावी तसं खाली ठेवलं.

पोलिसांनी दोन्हीकडून तक्रारी नोंदवल्या. हनुमानच्या दोन बरगड्यांना चीर गेली होती. हिमांशूच्या डाव्या डोळ्याखालचं हाड मोडलं होतं, आणि त्या डोळ्याने पुन्हा दिसण्याची आशा कमी होती.

"तीन जण एकावर होते. तुम्ही जीव वाचवला," जबाब घेणारा फौजदार दुसऱ्या दिवशी म्हणाला. "व्हिडिओत स्पष्ट आहे. घाबरू नका."

बाहेर आल्यावर सत्यमने त्याला पिंपळाखाली नेलं.

"भाऊ, दुसऱ्या फटक्यानंतरचं मी कापून टाकलं. चारच सेकंद व्हते. त्यांना दिला तो कापलेला. मूळचा उडवला."

"बाकीच्यांचे मोबाइल?"

"सगळे पाठीमागं व्हते. नुसत्या पाठी दिसतेत. मी बाकावर चढलो व्हतो, म्हणून मला घावलं." सत्यम थांबला. "तुमची नोकरी हाय, भाऊ. अक्षदाची बारावी हाय. मी काय चुकीचं नाय केलं."

हनुमानने सत्यमच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दोन दिवसांत तो व्हिडिओ शहरभर झाला. कुणीतरी त्याला ढोलांचं संगीत लावलं, हेल्मेट लागतानाचा क्षण सावकाश करून तीनदा दाखवला आणि शेवटी हनुमानचा रक्ताळलेला चेहरा थांबवून खाली लिहिलं, खरा हिरो. कारखान्याच्या गेटवर पोरांनी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. कधी नमस्कारही न करणारा सुपरवायझर हात मिळवून म्हणाला, "मानलं बुवा." भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी जास्तीची घातली. अक्षदाच्या कॉलेजात पोरी तिला विचारत होत्या, तुझे पप्पा जिमला जातात का गं?

तिसऱ्या फटक्याचं त्याने फक्त सुलेखाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकताना तिचा हात परातीत थांबला.

"पडल्यावर?"

"व्हय."

"कुणी बघितलं?"

"सत्यमनं."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"त्यांनी आधी मारलं," ती म्हणाली. "तुम्ही मेले असते तर मी काय केलं असतं? आता गप राहायचं. लेकीकडं बघायचं आन् गप राहायचं."

तो गप राहिला. पण जेवताना, मशीनवर, अंघोळीला बसल्यावर ती शिट्टी त्याच्या कानात वाजायची. त्या शिट्टीने हात उचलला, असं तो स्वतःला सांगायचा. मग वाटायचं, शिट्टी तर बत्तीस वेळा थिएटरातही वाजली होती. तिथे मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो की.

पुढच्या रविवारी सत्यम त्याला ओढूनच चहाच्या गाड्यावर घेऊन गेला. त्या दिवशी हनुमानने पिक्चर बघितलाच नव्हता, तरी माणसं शंभराच्या वर जमली होती. हनुमान दिसताच टाळ्या पडल्या. एक जण हेल्मेट घेऊन आला होता, त्यावर सही करा म्हणाला.

"भाऊ, आज दुसऱ्या कुठल्या पिक्चरवर नको," सत्यमने मोबाइल वर धरला. "आपल्याच फाइटवर बोला. कशी वाटली?"

लोक हसले, मग ऐकायला गप्प झाले. हनुमानने तोंड उघडलं. समोरच्या हेल्मेटच्या काचेत त्याला स्वतःचा वाकडा चेहरा दिसत होता.

"भाऊ?"

"बंद कर ते," हनुमान म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत निघाला. लोकांना वाटलं, बरगडी दुखत असेल. त्यांनी त्याच्या मागे टाळ्या वाजवल्या.

नवा चष्मा अजून झाला नव्हता, त्यामुळे गाडी चालवता येत नव्हती. रिक्षा करून तो हिमांशूला ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेला.

दुसऱ्या मजल्यावर खोलीबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, सुती साडी, अनवाणी. चपला काढून तिने पाय वर घेतले होते. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोसंबी होती. हनुमानने नाव विचारायच्या आतच तिने त्याला ओळखलं. ओळखणारच. गेले आठ दिवस ती तोच चेहरा बघत होती.

"मी उमा. हिमांशूची आई," ती म्हणाली. आवाज चढला नाही. ती उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत क्लार्क होती आणि बोलणं नीट, सावकाश होतं. "तो झोपलाय. आत जाऊ नका."

"नाय जात."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत गेला. लांब कुठेतरी एक लहान मूल रडत होतं.

"त्याला थप्पड मारल्यापर्यंतचं आठवतं," उमाबाई म्हणाल्या. "पहिला हात मीच उचलला, आई, असं त्यानं सांगितलं. पोलिसांनाही तेच सांगितलंय. मी त्याला शिकवलं होतं हात न उचलायला. ते त्यानं ऐकलं नाही. पण खोटं बोलू नकोस, हे तरी ऐकलं."

हनुमानने मान खाली घातली.

"मला एकच विचारायचंय. डॉक्टर म्हणतात, उभ्या माणसाला असा मार बसत नाही. हा मार वरून बसलाय, डोकं जमिनीला टेकलेलं असताना. व्हिडिओत तसं काही नाही. पोलिस म्हणतात, डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल." त्यांनी वर बघितलं. "अंदाज चुकलाय का?"

हनुमानला सुलेखाचा परातीत थांबलेला हात दिसला. अक्षदाचा वह्यांचा कप्पा दिसला. बाईंच्या मागची भिंत पुसट होती, पण त्यांचे डोळे मात्र, चष्मा नसतानाही, अगदी स्पष्ट दिसत होते.

"नाय चुकला," तो म्हणाला. "तिसरा मारला मी. तो पडल्यावर. त्यानं हात वर केला व्हता. मारू नका म्हणत व्हता बहुतेक."

उमाबाईंनी डोळे मिटले. मोसंबीभोवतीचा कागद त्यांच्या बोटांत चुरगळत गेला, फाटला. एक मोसंबं घरंगळत हनुमानच्या पायाशी आलं. त्याने ते उचललं, पण त्यांच्या हातात द्यायचं धाडस झालं नाही. बाकाच्या कडेला ठेवलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"बरं वाटलं म्हणून," हनुमान म्हणाला. दुसरं काही सांगावं म्हणून त्याने शोधलं, सापडलं नाही. "त्या टायमाला बरं वाटलं."

त्या ओरडतील, मारतील, असं त्याला वाटलं. मारावं असंही वाटलं. त्यांनी फक्त विचारलं,

"हे पोलिसांना सांगाल?"

"त्याच्यासाठीच आलो. आधी तुम्हाला सांगावं म्हणलं."

"मग थांबा," उमाबाई म्हणाल्या. "चपला घालते."

नर्सला लक्ष ठेवायला सांगून त्या खाली आल्या. रिक्षात त्या एका कडेला बसल्या, हनुमान दुसऱ्या. मध्ये त्यांची पिशवी. पोलिस ठाण्याचं नाव ऐकून रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. पुन्हा बघितलं. त्याचा चेहरा खुलला.

"भाई, तुम वोइच ना? हेल्मेटवाले?" त्याने हँडलवरचा एक हात सोडून हवेत फिरवला. "क्या मारे यार! मैंने तो बीस बार देखा. एक पडा क्या, दूसरा पडा क्या, छोकरा सीधा नीचे! दीदी, तुमने देखा क्या वो?"

उमाबाई बाहेर बघत होत्या. रस्त्याच्या कडेला त्या पिक्चरचं पोस्टर गेलं, मग दुसरं गेलं.

"यांना पुढचं विचारा," त्या म्हणाल्या. "त्यात पुढचं नाहीये."

"पुढचं? और भी है?" रिक्षावाला हरखला. "बोलो ना, भाई!"

हनुमानने बाईंकडे बघितलं. त्यांनी मान वळवली नाही. त्याने घसा साफ केला.

"तो खाली पडला व्हता," त्याने सुरुवात केली. "उताणा."

सिग्नल लाल झाला. रिक्षा थांबली. हनुमान सांगत होता. उघड्या तळव्याचं, शिट्टीचं, तिसऱ्या फटक्याचं. आवाज चढवत नव्हता, उतरवतही नव्हता. सांगून झालं तरी सिग्नल लालच होता. रिक्षावाल्याने आरशातून उमाबाईंकडे एकदा नीट बघितलं, आणि मग ठाणं येईपर्यंत आरशात बघितलंच नाही.

उमाबाई आधी उतरल्या. दोन पायऱ्या चढल्या, आणि दारात थांबून, बरगडीवर हात ठेवून सावकाश उतरणाऱ्या हनुमानची वाट बघत उभ्या राहिल्या.