सासूबाईंनी सरळ केलेला आरसा

उतारावरच्या गल्लीत सगळ्यात वरच्या घराच्या अंगणात एक आरसा उभा होता. आरसा म्हणायचा एवढंच, त्यात कुणाचं तोंड दिसत नसे. कोपऱ्यात जोडलेले तीन पत्रे आणि खाली लोखंडी चौकट. उपग्रह डोक्यावरून जाताना रडारचा झोत टाकी, तो या कोपऱ्यावर आदळून आल्या वाटेनं परत जाई, आणि जमीन नखभर जरी सरकली तरी आपत्ती कार्यालयातल्या पडद्यावर ते उमटे. तो पडदा वाचायचं काम सूनबाईचं, आणि अंगण तिच्याच सासूबाईंचं.

आरसा बसवायला सूनबाईनं पुष्कळ आर्जवं केली होती. "ठेव बाई," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "पण माझ्या फरशीला भोक पाडायचं नाही." म्हणून चौकट रोवलीच नाही, नुसती ठेवली. पुढं मात्र सासूबाईंना आरशाचा भारी अभिमान. गल्लीत कुणी उताराची काळजी बोलून दाखवली की म्हणायच्या, "माझ्या सुनेचं आकाशातून लक्ष आहे. काही हललेलं नाही. झोपा खुशाल."

त्या दिवशी सकाळी ढगांच्या चित्रात मोठा पाऊस दिसला. संध्याकाळपर्यंत तो उतारावर येणार होता.

"गल्ली रिकामी करायची का, मॅडम?" कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं. "मागं उगाच बाहेर काढलं होतं, तेव्हा लोकांनी माझा उद्धार केला होता."

"छपरं थोडी थोडी खाली गेलेली दिसतायत, साहेब. आरसा मात्र जागच्या जागी आहे."

"छपरांचं काय घेऊन बसलात? उन्हानं फुगतात, पाण्याची टाकी भरली की दबतात. आरसा ठीक आहे ना? मग झालं तर."

सूनबाईच्या मनाला ते पटेना. सगळी छपरं एकाच बाजूला कशी दबतील? आणि आरसा तर तसूभरही हलला नव्हता. ध्यानाला बसलेल्या माणसाचं मनसुद्धा इतकं स्थिर राहत नाही. दुपारी तिनं सरळ घर गाठलं.

अंगणात सासूबाई हातोडी घेऊन आरशापाशी उकिडव्या बसल्या होत्या. चौकटीच्या पायाखाली फरशीचा तुकडा ठोकत होत्या.

"आई, काय करताय?"

"काही नाही गं. हे तुझं धूड सारखं कलतं. वाकडं मला बघवत नाही, तुला माहीतच आहे. मागच्या खडकावर रेघ मारून ठेवलीय, तिला लावून सरळ करते झालं."

सूनबाईनं वाकून पाहिलं. पायाखाली फरशीचे तुकडे, कौलाचे तुकडे आणि साबणाच्या डबीचं झाकणसुद्धा. थप्पी चांगली मनगटाएवढी झाली होती.

"हे कधीपासून चाललंय?"

"कधीपासून म्हणजे? खचला की घालते एक तुकडा. पाऊस पडून गेला की जरा जास्त लागतात."

लग्न होऊन आल्यापासून सूनबाईनं सासूबाईंचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. ती शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "आई, आरसा खचत नव्हता. अंगण खचत होतं."

सासूबाईंनी हातोडी खाली ठेवली. "म्हणजे मी उपग्रहाला फसवत होते?"

"हो."

"आणि गल्लीला झोपा म्हणून सांगत होते."

सूनबाई उठली. तिनं साहेबांना फोन लावला. "गल्ली रिकामी करा. आरशाखाली मनगटाएवढी थप्पी आहे."

"थप्पी? कुणी घातली?"

सूनबाई अडखळली. सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "मी घातली. चौकशी उद्या करा, आता गाड्या पाठवा."

पण गल्ली थोडीच हलतेय. पहिल्या दारात शिंपी मशीनवरून उठेना.

"जरा सावध राहिलेलं बरं," सासूबाई मोघम म्हणाल्या.

"काकू, कालच तर म्हणालात, झोपा खुशाल. तुमच्या सुनेचं आकाशातून लक्ष आहे ना?"

सासूबाईंनी एकदा सुनेकडं पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. "तिचं होतं रे, मीच तिच्या डोळ्यात धूळ टाकली. जमीन खाली चालली होती आणि मी तुकडे घालून आरसा वर धरत होते. सुनेचं काही चुकलं नाही, अक्कल माझी गेली होती. ऊठ, पोरांना घे."

शिंपी उठला. पुढच्या दारात सासूबाईंनी तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. चौथ्या-पाचव्या दारापर्यंत त्यांची बेअब्रू त्यांच्या पुढं धावत होती. लोक हसत होते, पण हसता हसता गाठोडी बांधत होते.

गल्लीतली सगळी माणसं शाळेच्या सभागृहात पोचली आणि बाहेर पाऊस कोसळू लागला. थोड्या वेळानं सूनबाईला साहेबांचा फोन आला. उतार सुटला होता. वरच्या घरांत चिखल शिरला होता. माणूस एकही सापडला नव्हता, कारण तिथं कुणी नव्हतंच.

"आपल्या स्वयंपाकघरात कुठवर आलाय?" सासूबाईंनी विचारलं.

"ओट्यापर्यंत."

सासूबाई अंगावरचं पांघरूण अर्धं उचलून म्हणाल्या, "ये, इकडं सरक. फरशी गार आहे."