मातीतला झ्यूस

वल्लरीने शाळेसाठी मातीचा झ्यूस केला, पण चेहरा अगदी बाबाचा.

"ग्रीक गॉड्स लुक्ड लाइक अस, डॅड."

शशिकांत खूश. "बघ सुचित्रा, घरात देव आहे!"

"हो, कचराही न टाकणारा," म्हणत सुचित्राने सवयीनं मूर्तीला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. तिकडे सोफ्यावर शशिकांतचं कपाळ ओलं झालं. त्याने बोट फिरवलं तर लाल! त्याने ते बाहीला पुसलं.

पुढच्या आठवड्यात मूर्ती शाळेत गेली. गुरुवारी, लोअर हट शहराच्या कडक थंडीत, ऑफिसच्या कॉलवर असतानाच त्याला दरदरून घाम फुटला. मोबाइलवर टीचरचा मेसेज होता, मुलांचे देव भट्टीत ठेवलेत, उद्यापर्यंत पक्के भाजतील.

शाळेला फोन लावायला त्याने हात उचलला. बोटं वळेनात. टणक झाली होती.