पिवळं जाकीट

बोटीवर सहलींची नोंदणी करणाऱ्या मुलीला भावजयीनं आधी एवढंच विचारलं, "तिथे पाय टेकतात ना?"

"लांबच्या खडकांवर नाही टेकत, मॅडम. पण नवशिक्यांसाठी उथळ खाडी आहे. कमरेएवढं पाणी. डोळ्यांवर काच चढवायची, नळी तोंडात धरायची, चेहरा बुडवायचा, मासे आपले आपण येतात. फक्त तरंगता दोर ओलांडायचा नाही. ओहोटीला पलीकडचं पाणी बाहेर ओढतं."

"आणि कुणी ओलांडलाच तर?"

"जीवरक्षक असतो ना. नवख्यांना पिवळं जाकीट, पोहणाऱ्यांना नुसता निळा पट्टा. त्याची नजर पिवळ्यावरच असते."

"मग खाडीच," भावजय म्हणाली. ती नदीकाठी वाढलेली. नणंदेला मात्र हातपाय मारणंही ठाऊक नव्हतं.

नणंदेनं नाक मुरडलं. "माझ्या नशिबी कायम बालवाडी."

किनाऱ्यावर भाऊ दुखरा गुडघा सांभाळत छत्रीखाली बसला. "एकुलती एक बहीण आहे माझी," तो बायकोला म्हणाला. "नेतेस तशी परत आण." मग बहिणीकडे वळला. "ताई, तुझं पिवळं बरं आहे. मला लांबचे चेहरे दिसत नाहीत, पण रंग दिसतो."

कपडे बदलायच्या खोलीत नणंद आरशासमोर उभी राहिली. "भोपळा दिसतेय नुसती. सुनांना हा फोटो वर्षभर पुरेल. तुझा पट्टा दे इकडे."

"वन्सं, नको."

"कमरेएवढ्या पाण्यात बुडायला मी काय ढेकूळ आहे? आणि मला नाही म्हणायला कधी शिकलीस?"

शिकलीच नव्हती. नणंद माहेरी आली की भावजयीचं कपाट उघडायची, हाताला लागेल ते अंगावर चढवायची, आपलं तिला घालायला लावायची. दोघी एकाच अंगकाठीच्या, पाठमोऱ्या तर जुळ्या. त्या अदलाबदलीतच त्यांची माया मुरली होती. भावजयीनं पट्टा सोडला आणि पिवळ्याचे बंद आवळले.

पाणी वर कोमट होतं, खाली गार. खाली मासे, माशांखाली सावल्या, सावल्यांखाली वाळू. नणंदेनं तिचा हात घट्ट धरला होता. मग एक चट्ट्यापट्ट्यांचा मासा समोरून गेला आणि हात सुटला.

भावजयीनं चेहरा बुडवला. तळाचं गवत विंचरल्यासारखं एकाच बाजूला निजलं होतं. वाळूही तिकडेच निघाली होती, कण कण, निमूट, बोलावणं आल्यासारखी. तिच्या पोटरीवर कुणी हळूच ओढ घेतली. कुणी नव्हतं, पाणीच होतं.

तिनं डोकं वर काढलं. नणंद दोराच्या पलीकडे होती. पाण्याच्या रंगात पट्टा हरवला होता. पाठ दिसत होती, नळी दिसत होती.

"वन्सं!"

कान पाण्यात. भावजयीनं दोन्ही हात हलवले आणि दोराकडे झेपावली. मनोऱ्यावरच्या जीवरक्षकानं पिवळं जाकीट पाहिलं, उडी टाकली आणि सरळ तिच्याकडेच आला. तिच्या काखेत हात घालून म्हणाला, "घाबरू नका, मावशी. उताण्या व्हा."

"मला सोड. ती बघ, ती."

"त्यांना पोहता येतं. निळा पट्टा आहे."

"पट्टा माझा आहे. तिला नाही येत पोहता."

त्यानं तिच्या काखेतला हात काढला. मग दोराखालून निघाला. पण आता पलीकडे पाठ दिसत नव्हती, नळी दिसत नव्हती. त्यानं बुडी मारली, वर आला, पुन्हा मारली. भावजय दोर धरून उभी होती आणि पाणी तिच्याही पायांखालची वाळू काढून नेत होतं.

अखेर तो वर आला तो एका हातानं पोहत. दुसऱ्या हातात नणंद होती. मान कलंडलेली, केस तोंडावर, कमरेला निळा पट्टा. तिची बोटं हलतात की लाटच ती हलवते, काही कळेना.

किनाऱ्यावर भाऊ खुर्चीतून उठला. काठी टाकून, बायकोचं नाव घेत, लंगडत पाण्यात शिरला. मग पिवळ्या रंगाकडे वळून ओरडला, "ताई, तू तिथेच थांब. दोर सोडू नकोस. मी आहे."

भावजयीनं तोंड उघडलं. एक हाक पुरली असती. पण ती गप्प होती तोवर त्याची बहीण सुखरूप होती. मग तिनं डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली, दोर सोडला आणि चेहरा दिसेल एवढ्या अंतरावर जायला त्याच्याकडे चालू लागली.