झऱ्यामागची वाट

घाईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, मामांनी पाडलेलं. पहिला घास गिळायच्या आत दुसरा उचलणारी, जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या गाळणारी भाची, तिला दुसरं काय म्हणणार? ती तिशीला टेकली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं, तर गवत रंगवायचं.

मामा पूर्वी नाटकांचे पडदे रंगवायचे. पडद्यांचे दिवस सरले तेव्हा ऐन पन्नाशीत हा गृहस्थ संगणकापुढे जाऊन बसला, आणि आता घरातल्या पुढच्या खोलीत मामा-भाची मिळून व्हिडिओ गेममधली जगं रंगवत. हौशी खेळाडूंचे गट असतात, ते स्वतःपुरतं एक जग बनवून घेतात. त्यातल्या डोंगरदऱ्या दुसरं कोणीतरी उठवून पाठवतं. त्या येतात तेव्हा नुसत्या करड्या, गिलावा केलेल्या भिंतीसारख्या. त्यांच्यावर गवत, माती, खडक, वाळू चढवायची ती यांनी. अशा एकेका थराला म्हणायचं पोत आणि सगळ्या कामाला म्हणायचं जमीन. "जमिनीचं काय झालं गं?" असं मामी स्वयंपाकघरातून विचारायची तेव्हा नव्या पाहुण्याला वाटायचं, घरात कोर्टकचेरी चालू आहे.

वर्षापूर्वी मामांच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्यामुळे या खेपेचं जग जवळजवळ सगळं घाईबाईनेच रंगवलं. मामा मागे खुर्ची टाकून बसायचे आणि "जड! किती जड हात तो!" म्हणून तिचं डोकं खायचे. फक्त झऱ्यामागची एक पायवाट त्यांनी हट्टाने स्वतः काढली. शे-दीडशे पावलांची वाट, तिला आठ दिवस लागले. संगणकावर रंगवायचं पेन खाली ठेवून ते म्हणाले, "वळणावर हात हललाच. पुढचं ते मोठं जग आलंय ना, त्याची जमीन आता तुझीच म्हणायची. पण हे एकदा पुरं होऊ दे. मी त्यात फिरून बघतो, मग त्या लोकांना फोन करतो." या वाक्यावर घाईबाई आठवडाभर हवेत होती. स्वतःची म्हणावी अशी जमीन तिला आजवर मिळाली नव्हती.

आज चार वाजता जग पाठवायचं होतं. मामा-मामी सकाळीच डॉक्टरकडे गेले आणि एकटीला घरात चैन पडेना. झऱ्याच्या काठाला थोडी खडी हवी, असं तिच्या मनाने घेतलं.

आता जमीन रंगवायच्या या प्रोग्रॅमची एक खोड आहे. सगळी जमीन त्याने चौकोनांत वाटलेली, आणि एका चौकोनात चारच पोत मावतात. पाचवा लावायला गेलात तर तो बिनबोभाट लावून घेतो आणि आधीच्या चारांतला एक गपचूप गिळतो. हे तिला ठाऊक होतं, मामांनी शंभरदा बजावलं होतं. पण पोत मोजत कोण बसतंय? तिने खडी टाकली, सेव्ह केलं, प्रोग्रॅम बंद केला आणि उठून पाणी प्यायली.

बारा वाजता ती शेवटची फेरी मारायला जगात शिरली. झरा होता, खडी होती. झऱ्यामागे नुसतं गवत. वाटेची तांबडी माती गेली होती, आणि मातीबरोबर वाट. जुन्या प्रती शोधायला गेली तर त्या तिनेच काल उडवलेल्या, जागा अडते म्हणून.

"मेले!" ती रिकाम्या घराला म्हणाली.

पुढचे तीन तास तिच्या जिवाला थारा नव्हता. आधी खडी काढून मातीला जागा केली. मग बसली, रंगवलं, पुसलं, उठली, खिडकीशी जाऊन रस्त्याकडे पाहिलं, परत बसली. पहिल्या दोन वाटा झाल्या त्या वाटा नव्हेतच, कोणी डांबर ओतून गेल्यासारखं दिसत होतं. मग तिने ते आठ दिवस आठवायला घेतले. मामा ब्रशचा जोर शंभरापैकी विसावर ठेवायचे आणि एकावर एक तीन हात द्यायचे. आधी कडेचं गवत विरळ करायचे, मग माती. वळणाच्या आतल्या अंगाला माती जास्त, कारण चालणारा माणूस कोपरा कापतोच, असं त्यांचं म्हणणं. जोर विसावर ठेवून बसायचं म्हणजे घाईबाईला शिक्षाच. टेबलाखाली एक पाय सारखा नाचत होता. हात मात्र सावकाश चालत राहिला.

पावणेतीनला वाट उभी राहिली. तिने सुटकेचा श्वास टाकला न टाकला तोच दार वाजलं.

मामा तणतणतच आत आले. "हाताला विश्रांती द्या म्हणे! मी काय ओझी वाहतो?"

"अहो, बूट तरी काढा," मागून मामी म्हणाली.

"दाखव गं जग."

घाईबाईने जग उघडलं. सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण मामा खुर्ची ओढून बसलेसुद्धा. तिने तीन महिने घासलेल्या डोंगरांकडे ढुंकूनही न बघता ते तडक झऱ्यामागे गेले. वळणाशी थांबले. पुढे झाले, मागे आले, पुन्हा पुढे झाले.

"अगं ए, इकडे ये आधी!" त्यांनी मामीला हाक मारली. "हे बघ. मला वाटत होतं इथे हात हलला. कुठे हललाय? दाखव ना, कुठे हललाय!"

मामी हात पुसत आली. तिला वाटेतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिचेच डोळे भरून आले. "छानच झालीय हो," ती म्हणाली.

"डॉक्टरला काय कळतंय! उगाच कच खाल्ली मी. पुढची जमीन मीच करणार. घाईबाई, राग नाही ना आला? तुझा हात अजून जड आहे गं. बघ, शीक यातून काहीतरी."

राग आला होता. डोकं सणकलं होतं. तिच्याच हाताचं कौतुक तिच्या तोंडावर दुसऱ्याच्या नावाने चाललं होतं. पण वर्षभरात मामांचा असा चेहरा तिने पाहिला नव्हता. सांगितलं तर जमीन तिची, पण मामांची वाट गेली. गप्प बसलं तर वाट मामांची, पण जमीन गेली.

"राग कसला त्यात," ती पुटपुटली.

"थांब, टोकाशी जरा माती हवीय. एवढं करतो आणि फोन लावतो." मामांनी पेन उचललं.

पेन टेकलं आणि हाताने झटका खाल्ला. तांबडी रेघ वाट सोडून गवतातून तिरपी निघाली ती थेट झऱ्यात.

मामांनी रेघेकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. मग वळणाजवळ जाऊन ती वाट पुन्हा निरखली, बराच वेळ.

"माझी वाट कधी गेली?" त्यांनी विचारलं.

"सकाळी. मी खडी टाकली. पाचवा पोत झाला."

"आणि ही?"

"आत्ता काढली. बारापासून बसले होते."

"मग मघाशी तोंड का नाही उघडलंस? मी इथे नाचत होतो आणि तू मजा बघत होतीस?"

"मजा नाही हो, मामा!" तिला रडू फुटलं. "इतके खूश होतात तुम्ही. कशी सांगणार होते मी?"

मामी मधे काही बोलणार होती, मामांनी हातानेच थांबवलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"या सगळ्या जगात माझं काय उरलं?" ते म्हणाले. "दाखव."

ती शोधू लागली. डोंगर तिचे, वाळवंट तिचं, जंगल तिचं, आणि आता वाटही तिचीच. शेवटी तिने त्या तिरप्या रेघेवर बोट ठेवलं.

"वाकडी आहे," मामा म्हणाले.

"हो."

"पूस ती."

तिने पुसली नाही. तशीच सेव्ह केली आणि जग पाठवून दिलं. मामा रागावतील म्हणून तिने अंग चोरलं, पण ते रागावले नाहीत. त्यांनी फोन घेतला. उजव्या हाताने नंबर लागेना, दोनदा चुकला, तेव्हा त्यांनी तो डाव्याने लावला.

"हां, मीच बोलतोय. पुढच्या जमिनीचं सांगायला फोन केला. भाची करेल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, मी नाही. माझ्या हातून आता होत नाही."

पुढची जमीन भाची करेल, हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. ते आता कानावर पडलं, आणि तिला एवढंच वाटत होतं, की उठावं आणि मामांच्या हातातून तो फोन काढून घ्यावा.