उघडी कड

"आत्या, खरं सांग, ही मला घालायचीय की आजीच्या पलंगाला बांधायचीय?"

चिंगी आजीच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत आत्यानं लग्नासाठी शिवलेल्या पांढऱ्या जाळीच्या ओढणीत गुरफटलेली. उद्या सकाळी अकराला तिचं लग्न. तिची आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं एकदाच बघितलं आणि तोंडातला घोट कसाबसा गिळला.

"अगं बाई! ही तर मच्छरदाणी झाली!"

आत्या चार पावलं मागे सरकली, डोळे बारीक करून तिनं बघितलं. वहिनी, म्हणजे चिंगीची आई, चेष्टा करत नव्हती. मच्छरदाणीच होती ती. चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची पट्टी, पट्टीवर दुहेरी शिवण, कोपरे कसे काटकोनात. आणि खाली, हे तर तिचं तिलाच आत्ता कळलं, गादीखाली खोचायला ठेवतात तशी चार बोटं जादा दुमड.

"मी एवढंच म्हटलं होतं की साधी कर," चिंगी म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "चालताना जरा हलेल अशी. ही बघ, हलतच नाहीये. ढिम्म!"

यात आत्याचा दोष काढायचा तर काढा, पण तेवीस वर्षं जी बाई मच्छरदाण्यांच्या कारखान्यात पट्टी मारते तिच्या हातात जाळी दिल्यावर दुसरं काय होणार? कारखान्यात कापणारी वेगळी, वरचं छत जोडणारी वेगळी, नाड्या लावणारी वेगळी. आत्याचं काम कडेचं. कड उघडी दिसली की मुकादम अख्खा गठ्ठा परत टाकायचा, आणि वर चार माणसांत बोलायचा. नवीन पोरी आल्या की तो त्यांना आत्याशेजारी बसवायचा. "हिच्या हाताकडे बघा, तोंडाकडे बघू नका," म्हणायचा. काल घरी मशीनवर बसली तेव्हा आत्याचं डोकं भलतीकडेच होतं आणि हात आपले सवयीनं चालत राहिले. त्यांनी जे येत होतं ते करून ठेवलं.

डोकं कुठं होतं, तेही सांगतो. तिच्या पर्समध्ये आतल्या कप्प्यात एक पत्र होतं. दुसऱ्या गावात शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या एक बाई मागे कारखाना बघायला आल्या होत्या. आत्या पोरींना शिकवत होती ते त्यांनी अर्धा तास उभं राहून बघितलं. त्यांचंच पत्र. शिकवायची नोकरी, वर्गाच्या वरच राहायला एक खोली. खिडकी रस्त्याकडे, असंही बाईंनी लिहिलं होतं. का लिहिलं होतं कोण जाणे, पण आत्यानं ते वाक्य सगळ्यात जास्त वेळा वाचलं होतं. सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता. लग्नाच्या गडबडीत कशाला, म्हणून ती रोज उद्यावर ढकलत होती. आता उद्या लग्न, आणि परवा सोमवार.

"रडू नकोस," आत्या म्हणाली. "नाक लाल होईल आणि फोटोत नाकच दिसेल. जरा थांब, करते नीट."

"उसवणार?"

"छे. टाके उसवले तर भोकांची रांग राहील. पट्टीच्या आतून कापूनच टाकते."

"मग कड?"

"राहू दे उघडी."

"सुटणार नाही ना?"

"ही जाळी सुटत नाही गं. कापली तशी राहते."

"मग तुम्ही तेवीस वर्षं पट्टी कशाला मारताय?" वहिनीनं विचारलं.

"लोकांना बंद कड दिसली की बरं वाटतं," आत्या म्हणाली, आणि चिंगीला फिसकन हसू आलं. चला, रडं तरी थांबलं.

पलंगावरून आत्याच्या आईनं, चिंगीच्या आजीनं, हाक मारली. चार वाजले होते. आईची डावी बाजू गेल्याला दोन वर्षं झाली; बोलणं शाबूत होतं, सावकाश पण स्वच्छ. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठ सोलवटायची. सकाळी सहाला आणि आठला आत्या, दिवसभर चिंगी, संध्याकाळी सहापासून पुन्हा आत्या. त्यासाठी चिंगीनं हातातली नोकरी सोडली होती आणि दोनदा लग्न पुढं ढकललं होतं. पोरगा भला, म्हणून थांबला. पण तिसऱ्यांदा त्याचे आईवडील थांबणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

आत्यानं एक हात आईच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला, तिला भिंतीकडे वळवलं आणि पाठीशी उशी लावली. वहिनी कप घेऊन तिथंच उभी.

"मी काय म्हणते," वहिनी म्हणाली, "परवापासून तुम्ही कारखान्याचं बंदच करा. किती दिवस मेलं ते राबायचं? मुकादमाला एक फोन केला की झालं. हे म्हणत होते, तुमची मशीन इथंच खिडकीपाशी टाकू. बसल्या जागी चार कपडे शिवा, आईंवर लक्षही राहील."

"दादा म्हणाला?"

"मग! तुमच्यासाठी नवी खुर्चीसुद्धा बघून आलेत. पाठ टेकायची."

हे असं होतं. दादा मनानं वाईट नव्हता, वहिनीही नव्हती, आणि तिथंच तर सगळी गोची होती. वाईट माणसाशी भांडून, दार आपटून निघता येतं. पाठ टेकायची खुर्ची आणणाऱ्याशी कसं भांडायचं? आत्या म्हणाली, "बघू," आणि वहिनी खूश होऊन स्वयंपाकघरात गेली. या घरात आत्याच्या 'बघू'चा अर्थ तेवीस वर्षं 'हो' असाच घेतला जात होता.

कापायला टेबल पुरेना. शेवटी आत्यानं चिंगीला स्टुलावर उभं केलं, जाळीला वरून चुण्या घालून ती कंगव्याला चार टाक्यांनी अडकवली आणि कंगवा तिच्या अंबाड्यात खोवला.

"आता हलायचं नाही. मान सरळ. बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"बोललीस लगेच."

अशी जाळी कापायची एक रीत असते. कात्रीची पाती कधीच पुरती मिटायची नाहीत. अर्धी मिटली की पुढं सरकवायची, पुन्हा अर्धी. पुरती मिटली की तिथं दात पडतो आणि मग तो कशानं झाकला जात नाही. म्हणजे एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. आत्या गुडघ्यांवर बसली, उजव्या खांद्याजवळ कात्री लावली आणि निघाली. कोपऱ्याला गोलाई दिली. पट्टी तिच्यामागे जमिनीवर घरंगळत राहिली. कात्रीचा तो बारीक, सलग आवाज, समोर चिंगीची पाठ, आणि चिंगीला वळायची बंदी.

आत्ताच सांगायला हवं, आत्याला वाटलं. तोंड बघत तर आपल्याच्यानं व्हायचं नाही.

"चिंगे."

"अं?"

"मी जातेय. दुसऱ्या गावी. शिवण शिकवायची नोकरी मिळालीय मला. राहायला खोली आहे."

हात थांबला नाही. आत्याला स्वतःचंच नवल वाटलं. आवाजसुद्धा बरा आला होता.

स्टुलावर काही हललं नाही. मग अगदी हळू, मान सरळ ठेवून, चिंगी म्हणाली, "मग मी कशी जाऊ?"

आत्याची कात्री पुढं सरकत राहिली.

"आत्या, आईचं ऑफिस आहे, बाबांचं दुकान आहे. तू आहेस म्हणून मी हो म्हटलं ना. त्याला मी सांगितलंय, आत्या आहे, आता काळजी नाही. तू नसशील तर…" तिचे खांदे थरथरायला लागले आणि त्यांच्याबरोबर सगळी जाळी. "मी आत्ताच फोन करते त्याला. उद्याचं नको म्हणते. तू आधी का नाही सांगितलंस?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खरंच फोन करायला निघाली होती. एक पाय स्टुलाखाली टाकलासुद्धा. ही पोरगी तशीच होती. दोनदा केलं होतं तिनं, तिसऱ्यांदाही केलं असतं, आणि एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नसतं.

"अगं हलू नकोस, दात पडेल!" आत्या ओरडली. "गंमत केली मी!"

"काय?"

"गंमत गं. मला कोण देतंय नोकरी! इंच-टेप सरळ वाचता येत नाही मला चष्म्याशिवाय. पाय वर घे आधी."

"आत्या!" चिंगीनं रडत हसत पाय वर घेतला. "ही काय गंमत झाली? माझ्या छातीत धडधडतंय, हात लावून बघ!"

"बघते. आधी पुरं करू दे."

राहिलेली कड आत्यानं कापली. डाव्या खांद्यापाशी कात्री बाहेर आली आणि जाळी मोकळी झाली. चिंगी स्टुलावरून उतरली, खोलीत इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या. जाळी तिच्यामागून अशी तरंगत आली की वजनच नाही. एकही दात नव्हता कुठं. "आई, बघ, बघ ना!" म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली, आणि आत्या जमिनीवर बसून ती कापलेली पट्टी गोळा करत राहिली. बरीच होती. तिला घळाघळा रडू आलं आणि तिनं ते पट्टीतच पुसलं, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं.

भिंतीकडे तोंड करून आई पडली होती. झोपलीय असं सगळ्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची नर्स तीन तास बसायला येणार होती. साडेनऊला तिचा निरोप आला की ताप भरलाय. दादा पायऱ्यांवर उभा राहून डोकं खाजवायला लागला. वहिनी म्हणाली, "मी थांबते." नवरीची आई कशी थांबेल? आत्या नवे कपडे घालून, केस विंचरून तयार होती. तिनं हातातली पर्स खुंटीला अडकवली.

"जा तुम्ही. उशीर होतोय. मी बघितलीय ती नवरी झालेली, काल तासभर माझ्यासमोर स्टुलावर उभी होती."

चिंगीनं तिला मिठी मारली ती सोडेचना. "जाळी चुरगळेल," आत्या म्हणाली तेव्हा कुठं सोडली. मग जिन्यावरून सगळे उतरले. आत्या वरून बघत होती. जिन्यात खालून वारा आला, जाळी वर उचलली गेली आणि चिंगीनं हसत ती दोन्ही हातांनी धरली. मग गाडीचं दार लागलं.

घरात इतकं शांत झालं की नळ ठिबकताना ऐकू यायला लागला. आत्यानं तो घट्ट केला. दहा वाजले होते. ती आईच्या खोलीत गेली, बाह्या वर सारल्या.

"थांब," आई म्हणाली.

"दहा वाजले, आई."

"वाजू देत. काल गंमत नव्हती ती."

आत्यानं चादरीची सुरकुती सरळ केली. ती सरळच होती.

"कुठलं गाव?" आईनं विचारलं.

आत्यानं सांगितलं.

"खोली कशी आहे?"

"मी कुठं बघितलीय? खिडकी आहे म्हणे. रस्त्याकडे."

"मग जा की."

"आणि तुझं गं कोण करणार? वहिनीची कंबर आधीच गेलीय. दादाला तर तुझं अंथरूण बघूनच घाम फुटतो."

"माझं मी करीन," आई म्हणाली. "वळायचंच तर असतं. त्यात काय एवढं? रात्री तुम्ही झोपलात की मी करून बघते अधूनमधून."

"आई, उगाच काहीतरी—"

"हात लावू नकोस. नुसती बघ."

आईनं उजवा हात अंगावरून आडवा नेला आणि पलंगाची लोखंडी कड पकडली. बोटं पांढरी पडली. तिनं उजवा पाय दुमडून गादीत रोवला, दात आवळले आणि अंग ओढायला सुरुवात केली. खांदा उचलला गेला. मग पाठ, थोडी. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आत्याचे हात आपोआप पुढं झाले. तेवीस वर्षांच्या नव्हे, दोनच वर्षांच्या सवयीचे, पण तितकेच हट्टी. तिनं ते मागे घेतले आणि पाठीमागे एकात एक घट्ट धरून ठेवले. ये, ती मनात म्हणत होती, ये गं, अजून थोडी. आयुष्यात तिनं कशासाठी इतका जीव टांगणीला लावला नसेल. आईची कंबर उचलली गेली. आई अर्ध्यावर आली, अर्ध्याच्याही पुढं. क्षणभर ती तशीच अधांतरी राहिली, गेलेला डावा हात अंगाखाली दबलेला, तोंडानं हुं-हुं करत.

मग कडेवरची बोटं सुटली.

ती जशी होती तशी परत उताणी पडली. आत्यानं हात सोडले. एक खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि आईला हळूच खिडकीकडे वळवून पाठीशी उशी लावली. कपाळावरचा घाम आपल्या नव्या कपड्यांच्या टोकानं टिपला.

"एवढंसं राहिलं होतं," आई डोळे न उघडता म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "एवढंसंच."