पॉइंट गार्ड आणि चार शुभेच्छुक

पॉइंट गार्डच्या जिवावर कप येतो का, या एका प्रश्नापायी जलीलभाईनं सिद्रामप्पाच्या हॉटेलात वर्षभर चहा गार केला. नांदेडात जलीलचं फ्लेक्स छापायचं दुकान आणि सिद्रामप्पाचं हॉटेल, दोघांची भिंत एकच. बास्केटबॉल दोघांपैकी कुणीच कधी हातात धरला नव्हता, त्यामुळं वाद बिनदिक्कत चालायचा.

"येत न्हाई," सिद्रामप्पा म्हणायचा. तो मूळचा बैलांसाठी नावाजलेल्या देवणीचा. जनावर असो का माणूस, आधी उंची बघायची ही त्याची जुनी खोड. "पॉइंट गार्डचं काम काय? बॉल घेऊन यायचा अन् वाटायचा. कप आणायला उंच पोरगी लागती."

"येतो," जलील म्हणायचा. का, तर पॉइंट गार्ड त्याची लेक होती.

लुबना बारावीला. अंगानं चिमणी, पण बॉल हातात आला की समोरच्या दोघी-तिघींना कुठं गेली ते कळायचं नाही. विभागाचा कप नांदेडच्या पोरींनी आजवर कधी आणला नव्हता. दरसाल लातूरला जायचं, मार खायचा, आणि येताना गाडीत गाणी म्हणायची, एवढीच रीत. यंदा मात्र लुबनानं संघ फायनलला नेला, आणि जलीलच्या पोटात आनंद मावेना. माणूस अशा वेळी पेढे वाटतो. जलीलनं फ्लेक्स छापला.

आता फ्लेक्सचं म्हणाल तर त्याच्या कॉम्प्युटरात साचा तयारच होता. मधोमध एक भला मोठा फोटो, खाली चार गोल, गोलांच्या वर 'शुभेच्छुक'. वाढदिवस असो, निवड असो, तोंडं तेवढी बदलायची. जलीलनं मधोमध लुबना बसवली, वर 'नांदेडची वाघीण' टाकलं, आणि खालच्या चार गोलांत संघातल्या चौघी बसवल्या. मनिषा, सुकन्या, शिवगंगा, धम्मप्रिया. गोल चार आणि पोरीही चार! बरोब्बर बसल्या म्हणून गडी एकटाच खूश झाला. रात्रीतून फ्लेक्स चौकात लागला.

सकाळी लुबना क्लासला जाताना चौकात थांबली. घरी परत आली, "काढा ते," एवढंच म्हणाली, आणि तिनं बापाशी बोलणं टाकलं.

"लाजून राहिली," जलील बायकोला म्हणाला.

"हाव, लाजूनच," वहिदा म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर जरा जोरातच आपटली.

त्या दिवसापासून मैदानावर काय झालं म्हणता? काहीच झालं नाही. भांडण नाही, रुसणं नाही. एरवी मनिषा तिला दिवसातून दहादा शिव्या घालायची, पास दे म्हणून वेणी ओढायची. आता मनिषा म्हणायची, "घ्या ताई." सुकन्या म्हणायची, "मारा ताई." बॉल हातात आला की चौघीही तो अदबीनं लुबनाला द्यायच्या, बाजूला उभ्या राहायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. कोच शेषेराव सर मात्र भारावून गेले. इतक्या वर्षांत संघाला पहिल्यांदा शिस्त लागली, असं ते ज्याला-त्याला सांगत सुटले.

फायनलच्या दिवशी सिद्रामप्पाची गाडी सगळ्यांना घेऊन लातूरला निघाली. वाटेत एक गाणं नाही. लुबना खिडकीशी, चौघी मागं. जलीलच्या मांडीवर चौकातून काढलेल्या फ्लेक्सची गुंडाळी. काढा म्हणाली होती, फेकून द्या थोडंच म्हणाली होती? लातूरला पोचल्या पोचल्या त्यानं तो गॅलरीच्या कठड्याला चारी कोपरे ताणून बांधला. लुबनानं वर पाहिलं आणि मान खाली घातली. बापाला वाटलं, पुन्हा लाजली.

सामना सुरू झाला. लातूरच्या पोरींना दोन मिनिटांत कळलं की या संघात खेळणारी एकच आहे. तिघी जणी लुबनाला चिकटल्या. मनिषा मोकळी, सुकन्या मोकळी, शिवगंगा तर बास्केटखाली उन्हाळ्याच्या सुट्टीला आल्यासारखी मोकळी. बॉल आला की त्या परत लुबनाकडं द्यायच्या. हाफटाइमला नांदेड बारा गुणांनी मागं होतं आणि लुबनाच्या दोन्ही कोपरांतून रक्त येत होतं.

"म्हणलो नव्हतो?" सिद्रामप्पा म्हणाला. ग्लुकोजची बाटली घेऊन जलील तडक खाली गेला.

"बेटा, तू मोकळी हायस. मारून का राहिली न्हाईस?" त्यानं मनिषाला विचारलं.

मनिषानं शांतपणे बाटली घेतली. "चाचा, शुभेच्छुकांनी कधी बास्केट टाकलीय का? आमी शुभेच्छा देऊन राहिलोत."

"अगं, तो साचा हाय दुकानातला..."

"माझी आई बहिणीला घेऊन आली होती चौकात," धम्मप्रिया म्हणाली. "पेपरात नाव न्हाई, निदान चौकात फोटो लागला म्हणून. माझा फोटो कुठला ते दाखवायला मला बोट ठेवावं लागलं."

जलीलनं वर पाहिलं. फ्लेक्स त्याचाच, रंग फक्कड उतरलेले. खालचे चार गोल इथून बटनाएवढे दिसत होते. अरे, याच गोलांपायी त्याच्या दुकानात माणसांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या! माझा फोटो त्याच्याहून बारीक का म्हणून सख्ख्या भावांनी बोलणं सोडलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. उभा जन्म ज्यानं हा धंदा केला, त्याला पोरीच्या बाबतीत एवढं कळू नये? त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान तापले.

तो गॅलरीत गेला, खिशातला कटर काढला आणि छापलेला धड फ्लेक्स आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातानं कापला. आधी 'शुभेच्छुक' हा शब्द उडवला. मग वाघीण कापून गुंडाळली. मग खालची पट्टी तेवढी कठड्याला बांधली. चार तोंडं वाऱ्यानं हलायला लागली.

"अहो, पोरगीच कापली की!" सिद्रामप्पा ओरडला.

"गप ऱ्हावा," जलील म्हणाला.

खाली लुबनानं वर पाहिलं. आपण होतो तिथं आता लातूरची भिंत दिसतेय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि इतक्या दिवसांनी ती फसकन हसली. मनिषानंही पाहिलं. "चाचा!" ती खालूनच बोंबलली, "फोटो तरी चांगला निवडायचा! आधार कार्डाचा काहून लावला?"

मग पाचही जणी पोट धरून हसल्या. शेषेराव सर म्हणाले, "शिस्त! शिस्त!"

दुसऱ्या डावात लुबना दोघींच्या कचाट्यात सापडली, तशी कोपऱ्यातून आरोळी आली. "ए आंधळे! मोकळी हाय ना मी! दे की!"

कित्येक दिवसांनी आलेली ती शिवी. लुबनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि बॉल मनिषाकडं गेला. मनिषानं टाकला. पुढचा सुकन्यानं. बारा गुण भरत भरत एकावर आले आणि घड्याळात थोडेच सेकंद उरले. बॉल लुबनाकडं, पुन्हा तिघी अंगावर.

"मार, लुबू, मार!" जलील कठड्यावर ओणवा झाला. बापाचा जीव, त्याला अजून तेच पाहिजे होतं.

लुबनानं उडी घेतली, हवेतच मान वळवली आणि बॉल धम्मप्रियाला दिला. धम्मप्रियाचा त्या दिवशी एकही पडला नव्हता. हाही पडला नाही. कडीला लागून वर उडाला, तिथं शिवगंगाचा लांबलचक हात होता, आणि शिवगंगानं तो हळूच आत ढकलला. शिट्टी वाजली. नांदेडला कप.

"बघा! उंच पोरगी!" सिद्रामप्पा जलीलच्या गळ्यात पडून म्हणाला. "पॉइंट गार्डनं दुसऱ्या डावात केले किती? दोन!"

"हाव, दोन," जलील म्हणाला. वर्षभराचा वाद त्यानं तिथंच सोडला. तो रडत होता.

संध्याकाळी मैदानाच्या कडेला वहिदानं दिलेले डबे निघाले. भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. अंथरायला काही नव्हतं. लुबना बापासमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या काखेतली गुंडाळी तिनं ओढून घेतली. चांगला दणकट फ्लेक्स, वाघीण वर करून गवतावर पसरला. मनिषानं चटणीचा डबा बरोब्बर तिच्या नाकावर ठेवला. सुकन्या गालावर बसली. शिवगंगाचे पाय कपाळावरून बाहेर गेले. कप कुठं ठेवावा कळेना, म्हणून धम्मप्रियानं त्यात कांदा कापून घातला.

लुबना वाढायला लागली. सगळ्यांना भाकरी देऊन झाल्यावर तिनं मान वर केली.

"अब्बा, उभे काहून? बसा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यावर जागा हाय."